कपाटाआधी काउंटर : परभाषक वाचकांसाठी ग्रंथालय उभं करताना

सभासदत्वाच्या अर्जात पहिलाच रकाना आडनावाचा होता. समोर उभ्या असलेल्या बाईंना आडनाव नव्हतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काहीतरी लिहा, रकाना रिकामा सोडला तर संगणक पुढे जात नाही." बाई थोडा वेळ पेन धरून थांबल्या, अर्जाची नीट घडी घातली आणि निघून गेल्या. आतल्या दालनात त्यांच्या भाषेतल्या साठ पुस्तकांचं कोरं करकरीत कपाट होतं. ते जमवायला आम्हाला आठ महिने लागले होते. अर्जातला एक रकाना ऐच्छिक करायला दहा मिनिटं पुरली असती.

तेव्हापासून कोणी नवा सहकारी "आपण स्थलांतरितांसाठी काहीतरी सुरू करू या" म्हणाला, की मी त्याला आधी काउंटरच्या पलीकडे, वाचकाच्या जागी नेऊन उभं करते. हा लेख अशाच नव्या सहकाऱ्यांसाठी आहे. जबाबदारी नुकतीच अंगावर पडलेली, पैसा बेताचा, आणि सुरुवात कुठून करायची ते समजत नाही, अशांसाठी.

मूळ विचार काही नवा नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं दुसरं 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' असं आहे, आणि त्यात भाषेची अट नाही. इफ्ला या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने बहुसांस्कृतिक समाजांना सेवा देण्याची मार्गदर्शक तत्त्वं १९८७ मध्ये काढली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या १९९८ आणि २००९ मध्ये आल्या. बहुसांस्कृतिक ग्रंथालयाचा एक जाहीरनामाही आहे. तो इफ्लाने २००६ मध्ये स्वीकारला आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मान्यता दिली. दोन्ही एकदा वाचून ठेवा. रोजच्या कामात ते फारसे लागत नाहीत, पण अंदाजपत्रकाच्या बैठकीत "हे आपलं काम आहे का?" असं कोणी विचारलं की फार कामाला येतात.

पायरी १ : आपल्या भागात कोण राहतं, आणि कोणती लिपी वाचतं

जनगणनेतून लोकांचा जन्मदेश किंवा घरची भाषा कळते, पण ते आकडे काही वर्षं शिळे असतात. गेल्या वर्षी आलेलं कुटुंब त्यांत नसतंच. ताजी माहिती शाळेत मिळते, कारण नवं कुटुंब आलं की बहुतेक वेळा मूल आधी शाळेत जातं. दुसरी जागा दवाखाना. कोणत्या भाषेचा दुभाषी वारंवार बोलवावा लागतो ते तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. तिसरं म्हणजे आपले पाय. ग्रंथालयाभोवतीच्या रस्त्यांवरून एक दिवस नुसतं फिरा आणि दुकानांच्या काचेवर, प्रार्थनास्थळांच्या फलकांवर, बसथांब्यावर चिकटवलेल्या जाहिरातींवर कोणत्या लिप्या दिसतात ते वहीत उतरवा. लिपी ओळखता आली नाही तर फोटो काढा.

आता खरी गंमत सुरू होते. माणूस जी भाषा बोलतो तीच वाचतो असं नाही. पंजाबी बोलणारी दोन कुटुंबं एकमेकांशी तासभर गप्पा मारतील, पण एक गुरुमुखी वाचणारं असेल आणि दुसरं शाहमुखी, म्हणजे फारसी वळणाच्या लिपीतलं. एकाचं पुस्तक दुसऱ्याला निरुपयोगी. तुर्कस्तानातून आलेला कुर्द वाचक रोमन लिपी वाचतो, तर इराकमधून आलेला बहुधा अरबी. चिनी पुस्तकं मागवताना सोपी अक्षरं हवीत की पारंपरिक, हे विचारलं नाही तर मुख्य भूमीवरच्या वाचकांसमोर तैवान-हाँगकाँगकडची छपाई येऊन पडते. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली तीच १९७२ मध्ये, त्यामुळे भाषा उत्तम येणारे पण ती वाचण्याची कधी सवयच न लागलेले वडीलधारे भेटतात. रोहिंग्या भाषेची हनिफी लिपी तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, आली २०१८ साली. अशा समाजासाठी छापील पुस्तकांचं कपाट हे उत्तरच नव्हे. तिथे ध्वनिमुद्रणं, चित्रफिती आणि बोलणारा माणूस हवा.

म्हणून "तुमची भाषा कोणती?" एवढ्यावर थांबू नका. "घरी कोणती बोलता? वर्तमानपत्र कोणत्या भाषेत वाचायला आवडतं? मुलांना कोणत्या भाषेत वाचून दाखवता?" असं विचारा. तीन प्रश्नांना तीन वेगळी उत्तरं येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

सगळ्या स्थलांतरितांना एकाच रांगेत उभं करणंही चुकीचं. कामासाठी आलेला मजूर पाळीत काम करतो. त्याला आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी उघडं असलेलं ग्रंथालय आणि घरी व्हिडिओ कॉल करण्याइतकं वायफाय लागतं. निर्वासिताकडे कागदपत्रं नसतात आणि कार्यालयांबद्दल धास्ती असते. तीन पिढ्यांपासून इथेच राहणाऱ्या अल्पसंख्य समाजाला भाषा शिकवण्याचा वर्ग नको असतो. आपल्या भाषेतलं साहित्य आणि आपला इतिहास ग्रंथालयात सापडावा, एवढंच त्यांचं मागणं असतं. त्यांना "नवागत" म्हणालात तर ते दुखावतील, आणि बरोबरच आहे.

पायरी २ : काउंटर

अर्ज हातात घ्या आणि प्रत्येक रकान्याला विचारा, ही माहिती पुस्तक परत येण्यासाठी लागते का? नाव लागतं, संपर्क लागतो. राष्ट्रीयत्व, धर्म, देशात येण्याची तारीख, व्हिसाचा प्रकार यांतलं काहीही लागत नाही. न विचारलेली माहिती कोणी मागूनही नेऊ शकत नाही, हे निर्वासित वाचकाच्या दृष्टीने फार मोलाचं असतं. कोणी काय वाचलं याची नोंदही पुस्तक परत आलं की संगणकातून आपोआप पुसली जाईल अशी सोय बहुतेक प्रणालींत असते. ती चालू आहे ना, एवढं तपासा.

नावासाठी एकच मोठा रकाना ठेवा. इथिओपिया, सोमालिया, म्यानमार इथल्या अनेकांना कुटुंबाचं सामाईक आडनाव नसतं. दोन रकाने सक्तीचे केले की कर्मचारी कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून भरतात, कधी एकच नाव दोनदा टंकतात, आणि पुढच्या खेपेला तोच सभासद शोधूनही सापडत नाही. मग नवं कार्ड. मग एका माणसाची तीन खाती.

पत्त्याच्या पुराव्यापाशी घोडं पेंड खातं. भाड्याच्या खोलीत पाच जण राहतात आणि करारावर नाव एकाचंच. आसरागृहातल्या माणसाकडे तेवढंही नाही. त्यावरचा साधा तोडगा म्हणजे पत्त्याचा पुरावा नसला तरी मर्यादित कार्ड द्यायचं : एका वेळी दोन पुस्तकं आणि संगणकाचा वापर. तीन महिने व्यवहार नीट झाला की पूर्ण कार्ड. शाळेचं पत्र, आसरागृहाचं पत्र, स्वतःच्या नावाने आलेलं कुठलंही टपाल पुरावा म्हणून धरा. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये सगळ्या रहिवाशांसाठी स्वतःचं ओळखपत्र काढलं, स्थलांतराच्या कागदपत्रांचा प्रश्न न विचारता, आणि ते ग्रंथालयाच्या कार्डासारखं वापरता येतं. आपल्या हातात शहर नसतं, पण नियमावलीतला एक परिच्छेद असतो.

दंडाबद्दल माझं मत ठाम आहे. उशिराचा दंड पुस्तक परत आणत नाही; तो माणसाला परत येऊ देत नाही. ज्याचे पैसे मोजून-मापून असतात त्याला दंडाची भीती मुळात पुस्तक घेण्यापासूनच रोखते. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय यंत्रणांनी विलंब शुल्क बंद केलं आणि आधीची थकबाकीही माफ केली. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र तिथेही द्यावी लागते. तुमच्या समितीला एवढं जमत नसेल तर निदान बालविभागाचा दंड काढा.

दारातला गणवेशातला सुरक्षारक्षक हाही काउंटरचाच भाग आहे. त्याला बसवून सांगा की पहिल्यांदा येणाऱ्याला "काय काम आहे?" असं विचारायचं नाही. हसून आत हात दाखवायचा, बस.

पायरी ३ : पुस्तकं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पहिली चूक म्हणजे कपाट एकदा भरलं की काम झालं असं मानणं. साधा हिशेब करा. एका भाषेची १२० पुस्तकं आहेत. त्यांतली एक तृतीयांश, म्हणजे ४०, एखाद्या वाचकाच्या आवडीची आहेत असं धरू. तो पंधरा दिवसांनी येतो, दोन नेतो. महिन्याला चार. दहा महिन्यांत त्याच्यापुरतं कपाट रिकामं झालं. अकराव्या महिन्यात तो येत नाही, आणि वर्षअखेरीला आपण अहवालात लिहितो, "या भाषेला मागणी नाही."

म्हणून एकदम १२० घेण्यापेक्षा साठ घ्या आणि दर तीन महिन्यांनी पंधरा-वीस नवी आणा. त्याहून चांगलं म्हणजे फिरता साठा. आसपासच्या चार ग्रंथालयांनी एकेका भाषेची जबाबदारी वाटून घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी पेट्या फिरवायच्या. नॉर्वेत हे काम राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बहुभाषिक विभागाकडे आहे. देशभरची छोटी ग्रंथालयं तिथून अनेक भाषांतली पुस्तकं उसनी आणतात. मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर आपसातली आंतरग्रंथालयीन देवघेव असतेच.

"पन्नासच तर कुटुंबं आहेत, त्यांना दहा पुस्तकं पुरे" हा दुसरा फसवा हिशेब. दर माणशी अमुक पुस्तकं हे प्रमाण मोठ्या समाजाला चालतं. छोट्या समाजाला त्याच प्रमाणात दिलं तर ज्यातून निवड करता येईल असा संग्रह उभाच राहत नाही. लहान गटांना माणशी जास्त पुस्तकं द्यावी लागतात, हे इफ्लाची तत्त्वंही मान्य करतात.

आता निवड. आपल्याला न येणाऱ्या भाषेतली पुस्तकं आपणच यादी पाहून मागवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्या भाषेचे तीन वाचक बोलवा, शक्यतो एक तरुण, एक वयस्क आणि एक लहान मुलांची आई किंवा बाप. एकच माणूस कधीही घेऊ नका. प्रत्येक समाजात पक्ष असतात, पंथ असतात, एकमेकांचं तोंड न पाहणारे गट असतात. एकाच "मान्यवरांच्या" सल्ल्याने घेतलेल्या संग्रहात त्यांच्या गटाचीच पुस्तकं निघतात आणि आपल्याला वाचता येत नसल्यामुळे ते दोन वर्षं कळतही नाही. अंतिम निर्णय मात्र ग्रंथालयाचा राहू द्या. "हा लेखक ठेवू नका, तो आमच्या विरोधात लिहितो" अशी सूचना आली तर नम्रपणे ऐकायचं आणि तो लेखक ठेवायचा.

काय घ्यावं? लोक समजतात त्यापेक्षा यादी साधी असते. त्या भाषेत सध्या वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्या, रहस्यकथा, प्रेमकथा. अभिजात साहित्याचे जाडजूड संच दिसायला भारदस्त, पण दिवसभर परक्या भाषेत धडपडून थकलेल्या माणसाला संध्याकाळी ते नको असतात. आरोग्य, बाळंतपण, मुलांचं संगोपन, वाहन परवान्याची परीक्षा, नोकरीचे अर्ज. द्विभाषिक शब्दकोश भरपूर, आणि घरी नेता येतील असे. स्थानिक भाषा शिकवणारी पुस्तकं, पण त्या वाचकाच्या मातृभाषेतून समजावणारी. मुलांसाठी द्विभाषिक चित्रपुस्तकं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या मंचावर असंख्य भाषांतल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, त्या छापून, शिवून ठेवता येतात. पैसा नसलेल्या ग्रंथालयाने सुरुवात इथूनच करावी.

दुसऱ्या पिढीला विसरू नका. या मुलांना आईबापांची भाषा बोलता येते, वाचता येत नाही. त्यांच्यासाठी ध्वनिपुस्तकं आणि त्यांच्या समाजाविषयी स्थानिक भाषेत लिहिलेली पुस्तकं ठेवा.

काही पुस्तकं घरी नेली जात नाहीत. लैंगिक आरोग्य, घटस्फोट, घरातली मारहाण, कर्ज या विषयांवरची पुस्तकं लोक रॅकच्या आडोशाला उभ्या-उभ्या वाचतात आणि उलटी खोचून जातात. देवघेवीच्या नोंदीत त्यांचा आकडा शून्य असतो. बाद करायच्या यादीत ती टाकण्याआधी पुस्तकाच्या कडा मळल्या आहेत का ते पाहा.

देणग्यांबद्दल सावध राहा. "आमच्या भाषेची दोनशे पुस्तकं फुकट देतो" असं कोणी म्हणालं की मोह होतो. त्यांत निम्मी वाळवी लागलेली, काही प्रचारपत्रकं, काही तीस वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तकं असतात. घ्या, पण "योग्य वाटतील तीच ठेवू, बाकीची परत न्यावी लागतील" हे आधी लिहून द्या.

पायरी ४ : पुस्तक सापडलं पाहिजे

वर्गीकरणात आपल्याला एक जुनं दुखणं वारशाने मिळालं आहे. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४० अशा अख्ख्या दहाई मिळाल्या. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये, दशांशचिन्हाच्या पलीकडे. धर्माच्या वर्गातही २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माने व्यापलेले आणि उरलेल्या जगाची २९० मध्ये दाटी. परभाषेतल्या सामान्य वाचनाच्या पुस्तकांना हे लांबलचक वर्गांक लावून आपण फक्त त्यांचा कणा भरतो. छोट्या संग्रहात भाषा, मग कथा-कादंबरी, माहितीपर, बालसाहित्य एवढी विभागणी पुरते.

कॅटलॉगमध्ये नाव मूळ लिपीतच गेलं पाहिजे. नुसतं रोमन लिप्यंतर केलं तर वाचकाला आपलंच पुस्तक शोधता येत नाही, कारण ग्रंथपालाने कोणत्या नियमाने लिप्यंतर केलं ते त्याला माहीत नसतं. मार्क नोंदीत, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या कॅटलॉग-नोंदीत, ८८० हे क्षेत्र मूळ लिपीसाठीच ठेवलेलं आहे. लिप्यंतर आणि मूळ लिपी अशा जोडीने भरा. त्याच नोंदीतल्या ००८ क्षेत्रातला तीन अक्षरी भाषासंकेत न चुकता टाका. तो चुकला तर "या भाषेतली सगळी पुस्तकं दाखवा" हा वाचकाचा सर्वांत पहिला शोधच फसतो.

उर्दू, अरबी, फारसी, हिब्रू पुस्तकं उजवीकडून उघडतात. म्हणजे आपल्याला जे मलपृष्ठ वाटतं ते त्यांचं मुखपृष्ठ. बारकोड आणि शिक्का सवयीने नेहमीच्या जागी ठोकला तर तो नेमका चित्रावर किंवा पुस्तकाच्या नावावर बसतो. नव्या मदतनिसाला पहिल्या दिवशी एक उर्दू पुस्तक हातात देऊन उघडायला लावा. सांगून लक्षात राहत नाही ते असं राहतं.

पाट्यांची आमची फजिती सांगते. दारावर सहा भाषांत "स्वागत" लिहायचं ठरलं. मजकूर बरोबर होता, तपासून घेतला होता. छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरने अरबी अक्षरं सुटी केली आणि डावीकडून उजवीकडे मांडली. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडली की कसं दिसतं, तसंच, फक्त पूर्ण शब्दभर. पाटी तीन आठवडे दिमाखात लटकत होती. शेवटी पाचवीतला एक मुलगा काउंटरवर येऊन कुजबुजला, "काकू, ते उलटं लिहिलंय." म्हणून मजकूर तपासून घेतलात तरी छापून आलेली पाटी लावण्याआधी पुन्हा त्या भाषेच्या माणसाला दाखवा.

यंत्राने केलेलं भाषांतर घाईच्या बोलण्यापुरतं ठीक. पाटीसाठी, नियमांसाठी नको. "इश्यू"चं मराठी यंत्राने "समस्या" केलं तर आपण लगेच हसतो. तशीच चूक इथिओपियातल्या अम्हारिक भाषेत झाली तर आपल्याला पत्ताही लागणार नाही. आणि भाषेच्या जागी देशाचा झेंडा लावू नका. एक भाषा दहा देशांत बोलली जाते, आणि काही वाचक तर ज्या झेंड्याखालून पळून आले तोच आपण त्यांच्या कपाटावर डकवतो. भाषेचं नाव, त्याच भाषेत, त्याच लिपीत, ठळक. एवढं पुरेसं आहे.

पायरी ५ : माणसं

त्या समाजातला एक जरी कर्मचारी पगारावर घेता आला तर बाकीची अर्धी कामं आपोआप सुटतात. पगारावर म्हणते आहे. स्वयंसेवक हवेतच, पण आठवड्याला वीस तास भाषांतर करणाऱ्याला "सेवाभाव" म्हणून फुकट राबवणं बरं नाही, आणि ते टिकतही नाही.

ज्यांना भाषा येत नाही त्यांनी काय करायचं? छोटी वाक्यं. सावकाश, पण ओरडून नव्हे. परकी व्यक्ती म्हणजे बहिरी, अशी समजूत काउंटरवर फार पसरलेली आहे. "पुस्तक वेळेत न आल्यास कार्यवाही होईल" याऐवजी "हे पुस्तक १५ तारखेपर्यंत आणा", आणि कॅलेंडरवर बोट. गुंतागुंतीचं काम असेल तर फोनवरचा दुभाषी. ऑस्ट्रेलियात अशी सरकारी सेवा १९७३ पासून आहे. तुमच्याकडे काय आहे ते शोधून नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

लहान मुलाला दुभाषी करू नका. नऊ वर्षांची मुलगी आईच्या आजाराबद्दलचं पुस्तक शोधायला मदत करते तेव्हा ती असं काही ऐकते आणि बोलते जे तिच्यावर पडायला नको होतं.

पायरी ६ : कार्यक्रम, बेताने

बहुतेक जण इथून सुरुवात करतात, म्हणून मी हे मुद्दाम मागे ठेवलं. वर्षातून एकदा पोशाख, नाच आणि खाण्याचा मेळावा, फोटो, बातमी, आणि उरलेले ३६४ दिवस शांतता. यातून एकही नवा सभासद मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. युनेस्कोने ठरवलेला २१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन जरूर साजरा करा, पण आधी दर आठवड्याला चालणारी एक गोष्ट उभी करा.

ती कोणती? द्विभाषिक गोष्टींचा तास. प्यूरा बेल्प्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या. प्वेर्तो रिकोहून आलेल्या तिथल्या त्या पहिल्या ग्रंथपाल. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, हातातल्या बाहुल्या नाचवत त्या गोष्टी सांगत, आणि ज्यांना वाटत होतं की ग्रंथालय आपल्यासाठी नाही ती कुटुंबं त्यासाठी आत आली. शंभर वर्षांनंतरही याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. एक पालक आपल्या भाषेत गोष्ट सांगतो, आपला माणूस स्थानिक भाषेत. पान तेच, चित्र तेच. शब्दशः भाषांतराचा अट्टहास नको, मुलं कंटाळतात. येऊ न शकणाऱ्यांसाठी टोरांटो सार्वजनिक ग्रंथालय फोनवरून अनेक भाषांत गोष्टी ऐकवतं. ध्वनिमुद्रण करायला एक पालक आणि एक मोबाइल पुरतो.

पालक हमखास विचारतात, "घरी आता स्थानिक भाषाच बोलू का?" त्यांना सांगा, तुम्हाला ज्या भाषेत लाड करता येतात आणि रागावता येतं त्या भाषेत बोला, पहिल्या भाषेचा पाया पक्का असला की दुसरी भाषा शिकणं सोपं जातं.

मोठ्यांसाठी भाषाकट्टा. स्कँडिनेव्हियातल्या ग्रंथालयांत भाषा-कॅफे हा प्रकार रुळलेला आहे : एक टेबल, सहा-सात खुर्च्या, स्थानिक भाषा येणारे दोन स्वयंसेवक, दीड तास गप्पा. फळा नाही, परीक्षा नाही, नावनोंदणी नाही. व्याकरण सुधारायचं नाही; विचारलं तरच सांगायचं. विषयांच्या चिठ्ठ्या तयार ठेवा, पण "तुम्ही तुमचा देश का सोडला?" हा विषय कधीच नको. डेन्मार्कमध्ये २००० साली सुरू झालेल्या 'मानवी ग्रंथालय' उपक्रमात माणसं स्वतःच पुस्तक होऊन आपली गोष्ट सांगतात. कल्पना सुंदर आहे, मात्र त्यात माणूस स्वतःहून पुढे आलेला असतो. कट्ट्यावर आलेल्या कुणालाही तसं पुस्तक करू नये.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ग्रंथालयाने १९७७ मध्ये नवागतांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. वाचकांच्या भाषांतले संग्रह, घरपोच टपालाने पुस्तकं, आणि नव्या देशात रोजचे व्यवहार कसे उरकायचे याची त्या-त्या भाषेतली व्याख्यानं, असं त्याचं स्वरूप. यातलं शेवटचं कुठेही जमण्यासारखं आहे. बँक खातं, शाळाप्रवेश, भाडेकरार यांवर जाणकार माणूस बोलवा. स्वतः मात्र कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. अर्ज शोधून देणं, छापून देणं, योग्य कार्यालयाचा पत्ता देणं इथपर्यंत आपलं काम. "इथे काय लिहू?" या प्रश्नाला चांगुलपणाने दिलेलं चुकीचं उत्तर एखाद्याचा आश्रयाचा अर्ज बाद करू शकतं.

पायरी ७ : तक्रारी आणि आकडे

"आमच्या पैशातून त्यांची पुस्तकं कशाला?" हे कोणीतरी म्हणणारच. चिडू नका. ते लोकही इथे राहतात, भाड्यातून आणि खरेदीतून करही भरतात, आणि त्यांच्या भाषेच्या पुस्तकांवर एकूण खरेदीचा किती हिस्सा गेला तो आकडा दाखवा. बहुतेक वेळा तो त्यांच्या लोकसंख्येच्या हिश्श्यापेक्षा लहान निघतो. निघाला नाही तर तेही प्रामाणिकपणे सांगा.

यश मोजताना फक्त देवघेवीवर जाऊ नका. प्रत्येक भाषेत एक प्रत वर्षात सरासरी किती वेळा बाहेर गेली ते काढा. साठ पुस्तकांचा संग्रह वर्षात ३०० वेळा गेला तर प्रतीमागे पाच फेऱ्या, म्हणजे उत्तम. शिवाय नवी कार्डं किती, एकदाच येऊन पुन्हा न आलेले किती, टेबलांवर सोडून दिलेली पुस्तकं कोणत्या भाषेची. न आलेल्यांपैकी दोघांना फोन करून कारण विचारा. त्या दोन फोनमधून जे कळतं ते अख्ख्या तक्त्यातून कळत नाही.

आणि एक वही

हे काम बहुतेक ठिकाणी एका उत्साही माणसावर चालतं आणि त्याची बदली झाली की वर्षभरात संपतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही घाला. कोणत्या भाषेचं पुस्तक कोणत्या विक्रेत्याकडून आलं आणि किती आठवड्यांनी. निवडीला कोण बसले होते. संपर्क त्यांच्या परवानगीनेच. छपाईवाल्याकडे कोणती लिपी फुटते. कोणत्या समाजाचा कोणता वार मोकळा नसतो. कोणत्या भाषेसाठी काय करून पाहिलं आणि ते का फसलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो जुना अर्ज चिकटवलेला आहे, आडनावाच्या रकान्याला लाल गोल केलेला. त्या बाई पुढे कधी आल्या नाहीत. त्यांची मुलगी सात महिन्यांनी शाळेच्या सहलीबरोबर आली, आणि कार्ड घेऊन गेली. नाव एकच लिहिलं होतं.